लाइन क्लिअर

"पोहे घ्या की," निकिता म्हणाली. पण परमेश्वरमामानं बशीला हात लावला नाही, म्हणून पाहुण्यांनीही लावला नाही.

पाहुणे दोघंच. पूर्णेला रेल्वेत असलेले व्यंकटराव आणि त्यांचा मुलगा हरिओम. हरिओम निकिताच्याच वर्गातला, त्यामुळे चुडावा गावात कुजबुज कधीच सुरू झाली होती. वडील गेल्यापासून या घरात मामाचा शब्द शेवटचा. तो नाही म्हणाला तर हे स्थळ आल्या पावली परत जाणार, हे निकिताला ठाऊक होतं. सकाळपासून तिनं एकाच साडीला दोनदा इस्त्री केली होती.

हरिओमची नजर सारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होती. व्यंकटरावांनी केस काळे केले होते, शर्टही कोरा होता. सोयरीक जोडायला कुणी मळक्या कपड्यांत जात नाही.

"चार लोकांची तोंडं कुणी धरायची?" मामा म्हणाला. "पोरं म्हंतेत, मामा, लाइन क्लिअर द्या. द्यायला ती काय बाजारातली भाजी हाय?"

व्यंकटराव हसले. "शब्द आमच्या रेल्वेचाच हाय. रूळ एक, गाड्या दोन्हीकडून. पुढचं स्टेशन हो म्हटल्याबिगर इकडची गाडी सुटत न्हाई. आमी नवीन होतो तवा, हो आलं की यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा. तो ड्रायव्हरच्या हातात दिला, की झाली लाइन क्लिअर."

"अन् पुढचं हो म्हटलंच न्हाई तर?"

"तर उभं ऱ्हायचं. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या उभ्या केल्या, आज मीच उभा हाय."

मामानं व्यंकटरावांना एकदा नीट न्याहाळलं.

"लय सोसलंय तिनं," तो शेवटी म्हणाला. "परत डोळ्यांत पाणी दिसलं, तर पूर्णेला येऊन जाब विचारीन."

"या. पण जेवायच्या वक्ताला या."

मामाला हसू आवरलं नाही. त्यानं ताटातला रव्याचा लाडू उचलला आणि व्यंकटरावांच्या हातावर ठेवला.

"घ्या गोळा. सोडा गाडी!"

निकिताला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीच. हरिओमनं तिला जोरात टाळी दिली. ओढणी सावरत ती स्वयंपाकघरात धावली. तिथं इस्त्रीची हिरवी साडी नेसून, मुठी घट्ट आवळून राजेश्री पाटावर बसली होती.

"ऊठ आई, डोक्यावर पदर घे," निकिता म्हणाली. "तुला बघायला थांबलेत."