ओळख बदलली आहे

“दोन ओळी लिहून द्या मला, मॅडम,” नर्स म्हणाली. “तुमच्या अहवालातली ती बाई मी नव्हे, एवढंच.”

प्राध्यापिकाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. नर्स लष्करी दवाखान्यातून तशीच, गणवेशातच आली होती. ग्लासाकडे तिनं पाहिलंही नाही.

“तुम्ही आमच्या छावणीत येऊन गेलात हे सगळ्यांना ठाऊक. तिथं रात्रपाळीची नर्स मी एकटी. मग काय, सगळी बोटं माझ्याकडे! साहेबांनी चौकशी लावलीय. नवरा पोरीला घेऊन आईकडे गेलाय. तुमचा अहवाल झाला, माझं मात्र वाटोळं. आणि मी तुम्हाला बघतेय आज पहिल्यांदा!”

सैन्यातल्या बायकांचा अभ्यास करता करता बाईंचे केस पिकले होते. सगळ्या जणी चहा प्यायच्या, “आमचं छान चाललंय” म्हणायच्या आणि निघून जायच्या. तोंड उघडलं ते एकीनंच. याच छावणीत ट्रक चालवणारी होती ती. वरिष्ठानं तिला गॅरेजात एकटीला गाठून तिच्यावर हात टाकला होता.

बोलणारीची ओळख लपवायची, हा संशोधनातला रिवाज. बाईंनी ड्रायव्हरची नर्स केली, गॅरेजची औषधांची कोठी, दिवसाची रात्र. त्या दिवशी स्वतःच्या हुशारीवर खूशही झाल्या होत्या.

आता हिला सोडवायचं, तर साहेब दुसरी शोधणार. आणि छावणीत ड्रायव्हर बायका होत्या दोनच.

“थोडे दिवस कळ काढता येईल का, सिस्टर?”

“कशाच्या जोरावर? घर गेलंय. नोकरी तेवढी राहिलीय, तीही सोमवारी जाईल.”

बाईंनी कागद ओढला. डोळ्यांपुढे ती ड्रायव्हर येत होती, ‘तुमच्यावर विश्वास ठेवते हं’ म्हणणारी. तरी त्यांनी लिहिलं: ‘या परिचारिका माझ्याशी कधीही बोललेल्या नाहीत.’ खाली सही केली.

नर्सनं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. दारापर्यंत गेली. बाहेर डोकावली आणि दार आतून लोटून घेतलं.

“लिहिलंत ते अगदी खरं आहे,” ती हळूच म्हणाली. “तुमच्याशीच काय, मी कुणाशीच बोलले नाही. मग कोठीतलं तुम्हाला कळलं कसं?”