आत्या फ्रँकफर्टहून येणार

दार उघडले तेव्हा कुंदाताईंच्या हातात हळदीकुंकवाचे तबक होते आणि दारात सहा फूट उंचीचा, दाढी राखलेला तरुण उभा होता. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि जर्मनमध्ये सांगितले, "मी जी-ह्यून. मिन-होचा भाऊ."

कुंदाताईंनी त्याच्या मागे जिन्यात पाहिले. आणखी कुणी नव्हते. त्यांनी त्याला आत घेतले, बूट काढायची जागा दाखवली आणि तबकासह त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. तेथे त्यांचे पती उल्हासराव कार्यक्रमाचा तक्ता फ्रिजवर लावत होते. तक्त्यात बारा ओळी होत्या. सातवी अशी होती: 'नाव ठेवणे. आत्या जी-ह्यून. ३.४०.'

"अहो, ही आत्या नाही. हा काका आहे."

उल्हासरावांनी चष्मा काढला. बारसे होते ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ज्ञानदाच्या मुलीचे. ज्ञानदा ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठात संशोधन करीत होती. नवरा मिन-हो कोरियाचा. तिची आई मीनलताई यांना व्हिसा वेळेत मिळाला नव्हता, म्हणून कुंदाताई आणि उल्हासरावांनी बारसे अंगावर घेतले होते. सगळे रीतीने होईल, बाळाच्या कानात नाव आत्याच सांगेल, असा शब्द कुंदाताईंनी मीनलताईंना फोनवर दिला होता. मिन-होला एकच भावंड आहे, जी-ह्यून, एवढे ज्ञानदाकडून कळले होते. पुढचे उल्हासरावांनी स्वतः पडताळले होते. इंटरनेटवर त्या नावाच्या प्रसिद्ध व्यक्तींची यादीच होती.

"पहिल्या पाचही बायका होत्या," ते म्हणाले. "दोन अभिनेत्री, दोन गोल्फ खेळणाऱ्या, एक गायिका."

"आणि सहावी?"

त्यांनी फोनवर बोट सरकवले. सहावा फुटबॉलपटू निघाला. त्यानंतर एक दिग्दर्शक, एक बेसबॉल खेळणारा, मग पुन्हा एक अभिनेत्री. हे नाव मुलींचेही असते आणि मुलांचेही, असे यादीच्या वर स्वच्छ लिहिलेले होते.

"पेटीतले वरचे पाच नग बघून मी पेटी पास केली," उल्हासराव हळू आवाजात म्हणाले. "कारखान्यात कुणी असं केलं असतं, तर मी त्याला दिवसभर बोललो असतो."

"माझ्याकडे दिवसभर नाही. वीस मिनिटं आहेत."

ज्ञानदाला कळले तेव्हा ती इतकी हसली की टाके दुखू लागले. तिची मैत्रीण ईप्सिता लगेच म्हणाली की मानलेली आत्या ती होईल, त्यात काय एवढे. सोय चांगली होती. कुंदाताईंनी मान हलवली, पण चेहरा काही खुलला नाही. कपाटाला टेकवून ठेवलेल्या टॅबलेटमधून नाशिकच्या मीनलताई दुसऱ्यांदा विचारत होत्या, "कुंदाताई, आत्या आली का हो?"

मिन-होने भावाला सगळा प्रकार कोरियनमध्ये समजावला. मग, सर्वांना कळावे म्हणून जर्मनमध्ये, जी-ह्यून म्हणाला की काही हरकत नाही, तो मागे उभा राहून फोटो काढेल. त्याने खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढून ईप्सिताला दिला. बाळाचे नाव स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्मनोंदणीच्या कचेरीत, नोंदवून झाले होते, पण आईवडिलांनी ते जी-ह्यूनखेरीज कुणालाही सांगितले नव्हते. कागदावर कोरियन अक्षरांत दोन ओळी होत्या.

"वर नाव असेल. खाली काय लिहिलंय?" कुंदाताईंनी विचारले.

"कुर्रर्र," जी-ह्यून म्हणाला.

त्याने बारशाचे चार व्हिडिओ पाहिले होते. फ्रँकफर्टपासून गाडीत तो सराव करीत आला होता. ग्योटिंगेनच्या आसपास समोरच्या बाई उठून दुसऱ्या डब्यात गेल्या. हे त्याने अजिबात न हसता सांगितले आणि नमुना म्हणून पुन्हा एकदा, जीभ नीट वळवून, तो आवाज काढून दाखवला. पाळण्यात किरकिरणारे बाळ ऐकायला थांबले.

कुंदाताईंनी ईप्सिताच्या हातातला कागद घेतला आणि जी-ह्यूनला परत दिला. मग टॅबलेट उचलून त्याच्याकडे वळवला.

"मीनलताई, आत्या आली आहे. जरा उंच आहे, एवढंच."

जी-ह्यूनने पडद्यालाही कमरेत वाकून नमस्कार केला.

"दाढी पण आहे," मीनलताई म्हणाल्या.

"आहे."

"बाळाच्या गालाला टोचणार नाही, एवढं बघा."

तीन वाजून चाळीस मिनिटांनी जी-ह्यून पाळण्यावर वाकला. दाढी एका हाताने झाकून घेत त्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, कुर्रर्र केले, आणि उभे राहून खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "अन्वी."

मीनलताईंनी ते नाव दोनदा उच्चारून पाहिले, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

त्याने पाहिलेले व्हिडिओ बहुधा येथेच संपत असावेत. कारण कुंदाताईंचा पहिला धपाटा पाठीत बसला तसा तो दचकून वळला आणि आपले काय चुकले, असे त्याने अगदी कळवळून विचारले.

"काही चुकलं नाही," कुंदाताई मराठीतच म्हणाल्या. "आता तू आत्या झालास."

ज्ञानदा त्याला जर्मनमध्ये सांगायला पुढे झाली, पण तोवर ईप्सिता हात उगारून त्याच्या मागे उभी होती आणि तिचा हात पुरत नव्हता. ते पाहून जी-ह्यूनने दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकले आणि पाठ तिच्या उंचीला आणून दिली.