करपलेल्या लसणाचा कौल

टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेत परीक्षकांनी तोंडे वाकडी केली, त्याच क्षणी कल्याणी भोगटेच्या आमटीची चव श्रीनिवासरावांच्या जिभेवरच्या स्वादपट्टीत उतरली. ही पट्टी पडद्यावरचा पदार्थ प्रेक्षकांना घरबसल्या चाखवी आणि त्यांचे मत नोंदवून घेई. लसूण करपला होता. त्यांचे डोळे भरून आले. फोडणी टाकून फुलवाल्याशी गप्पा मारायला जाणाऱ्या त्यांच्या दिवंगत पत्नीची, इंदुमतीची, आमटी अगदी अशीच लागे.

"अप्पा, काढा ती पट्टी!" फोनवर लेक हसत म्हणाली. "अख्ख्या महाराष्ट्राच्या जिभेनं नापास केलीय तिला."

"माझ्या जिभेनं पास केलीय. ती पोरगी स्पर्धेत टिकली, तर अशी आमटी पुन्हा करील."

"तुमच्या एकट्याच्या मतानं काय होणार, अप्पा?"

लेकीने फोन ठेवला. पडद्यावर सूचना झळकली : 'आपली आवड इतर प्रेक्षकांशी जुळत नसल्याने पट्टीत बिघाड आढळला. तो दूर करून आपली जीभ सरासरीशी जुळवण्यात आली आहे.'

पडद्यावर कल्याणी ॲप्रनची गाठ सोडत होती. श्रीनिवासरावांनी घाईघाईने आमटीची चव पुन्हा मागवली, डोळे मिटले आणि वाट पाहिली.

आमटी करपट होती, नुसतीच करपट. त्यांचे तोंड आपोआप वाकडे झाले.

पट्टीने ते मत नोंदवून घेतले आणि त्यांचे आभार मानले.