चित्रातली होडी

पुस्तकबांधणी करणाऱ्या ताईकडे मुलांच्या अद्भुतकथेचं एक जुनं सचित्र पुस्तक दुरुस्तीला आलं. चित्रं बघून तिच्या आजारी आईची कळी खुलली. "लहानपणी याची मी पारायणं केलीत गं," म्हणत ती रोज दुपारी पुस्तक उशाशी घेऊन झोपायची.

उठली की कशी टवटवीत दिसायची! "आज चित्रातल्या मुलांनी मला होडीत बसवलं," असं हसत सांगायची. स्वप्न तर स्वप्न, आई खूश आहे ना, म्हणून ताईही हसायची.

आज बांधणी पुरी करायची होती. आईला गाढ झोप लागलेली पाहून ताईने पुस्तक हळूच बाहेर आणलं आणि टेबलावर उघडलं. कालपर्यंत काठाला बांधलेली होडी आता पार आत, खोल पाण्यात गेली होती. मुलांच्या घोळक्यात, आईचीच निळी शाल पांघरून, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

खोलीच्या दाराकडे बघत ताईने हाक मारली, "आई!"

"काय गं?"

आवाज किती आनंदी होता! पण तो खोलीतून आला नाही. तिच्या तळहाताखालच्या पानातून आला.