झिला

ज्या आईने वाढवलं तिनेच सदानंदला सांगितलं होतं, "तुझी जन्मदाती करी रोडला खानावळ चालवते. द्वारकाबाई. भेटून ये बाबा."

सदानंद दादरहून रोज तिथे जेवायला जाऊ लागला, पण "मी तुझा मुलगा" हे काही ओठांवर येईना. द्वारकाबाई पंगतीतल्या प्रत्येक गिरणी कामगाराला "झिला" म्हणायची. झील म्हणजे मालवणीत मुलगा. "झिला, पोटभर जेव." "झिला, भात टाकू नको." सदानंदच्या ताटात माशाची तुकडी सगळ्यांहून मोठी पडायची, पण विचारणं मात्र परक्यासारखं, "तुम्हांला काय वाढू?"

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचा दिवस आला. जेवून निघालेल्या एकेकाच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "सांभाळून जा रे झिला." सदानंदपाशी येताच हात मागे घेतला. "तुम्ही पण जपा."

त्याला राहवेना. "सगळ्यांना झिला म्हणता, मीच तुमचं काय घोडं मारलंय?"

द्वारकाबाई पदराला हात पुसू लागली, ती पुसतच राहिली.

"तेंका नुसता म्हणतंय रे. तुका म्हटलंय तर खरा होतला."