मल्लम्मा हात पुढं करत नाही

मल्लम्मानं डोळे मिटले, तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढून उभी राहिली. ख्रिस्तप्रसाद द्यायला निघालेला फादर वीरेश यांचा हात मधेच थांबला. मागं रांग खोळंबली.

"आजी, हात," फादर हळूच म्हणाले.

म्हातारीचे हात छातीशी जोडलेले होते. ते तिनं आणखी घट्ट केले. तोंड काही मिटलं नाही.

कीबोर्डवाल्या पोरींनी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्यांना आता सवय झाली होती. देगलूरकडच्या या एवढ्याशा चर्चमध्ये हा तमाशा दर रविवारचा. कोरोनात जिभेवर प्रसाद देणं बंद झालं, तो हातावर द्यायला लागले. कोरोना गेला, नवे फादर आले, आणि त्यांनी तीच रीत पुढं चालू ठेवली. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. गाण्यांचे शब्द दिसावेत म्हणून त्यांनी पडदा लावला, सुनांना वेदीजवळ बोलावून वाचन करायला लावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपण काय तान्ही लेकरं आहोत, कुणी घास भरवायला? ताठ उभं राहावं, हात पुढं करावा, मानानं घ्यावं. सगळ्यांना पटलं. मल्लम्मा तेवढी अडून बसली. तोंड उघडून उभी राहायची आणि उपाशी परत जायची. लोक हसायचे. सून उज्वला लाजेनं अर्धी व्हायची.

आज मात्र उज्वला मागून पुढं सरकली. "फादर, उद्या नांदेडला आपरेशन हाय त्यांचं. पोटाचं. डॉक्टर काही हमी न्हाई देऊन राहिला. आज तेवढं द्या की."

"मी कुठं नाही म्हणतोय, ताई? जरा बाजूला थांबा. रांग संपू द्या."

मल्लम्मा भिंतीला टेकून उभी राहिली. एकेक जण आला, हात पुढं केला, आमेन म्हणाला, प्रसाद तोंडात टाकून वळला. ती प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. मरणाला ती भीत नव्हती. तसंच, प्रसादावाचून मरायला भीत होती.

रांग संपल्यावर फादर तिच्यापाशी आले. "आजी, एवढा हट्ट कशापायी? हातात घ्यायला काय झालं?"

"हातात नको, फादर. हातात वरून टाकत्यात."

"कोण टाकतं?"

"समदेच टाकायचे. उभा जल्म गेला माझा. पाटलाच्या दारात गेलं की वरून भाकर पडायची, पाणीबी वरूनच. हाताला हात लागू नये म्हून." तिला धाप लागली. जरा थांबून म्हणाली, "मग ते गोरे फादर आले. मी गुडघ्यावर बसले होते. त्यायनं सोताच्या हातानं माझ्या तोंडात घातलं. त्यायचं बोट लागलं माझ्या व्हटाला. मी लई भ्याले. डोळं उघडून पाह्यलं, तर त्यायनं बोट पुसलं न्हाई."

उज्वला सासूकडं बघतच राहिली. इतकी वर्षं एका चुलीवरचं खाऊन म्हातारीनं हे कधी तोंडातून काढलं नव्हतं.

फादर वीरेश यांचा आजाही असल्याच दारांत उभा राहिलेला माणूस. पण आजा कधी बोलला नाही, आणि नातू पुण्याकडं शिकून आला. फादरना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

"ते दिवस गेले, आजी," ते म्हणाले. "आता कुणाची टाप आहे तसं करायची? म्हणून तर म्हणतो, हात पुढं करा. एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते."

मल्लम्मानं त्यांच्याकडं पाहिलं. मग सुनेकडं पाहिलं. उद्याचा दिवस तिलाही ठाऊक होता.

"हाव," ती म्हणाली. "बरं."

उज्वलाच्या जिवात जीव आला.

म्हातारीनं भिंत सोडली. फादरपासून जराशी लांब सरली, पोट धरून उकिडवी बसली. मान खाली घातली. डोक्यावरचा पदर ओढून हातांवर पसरला आणि हात लांब केले, जमतील तेवढे लांब.

लोकांना वाटलं चक्कर आली. कीबोर्ड थांबला. "आत्याबाई, उठा की," उज्वला म्हणाली. "असं नका बसू. समदे बघून राहिले." मल्लम्मा उठली नाही. हात पुढं कर म्हटलं की तिला एवढंच करता येत होतं.

फादर ओशाळले. आता हिला उठवा, समजवा, यात आणखी वेळ जायचा. ते थोडेसे वाकले. कुणाला बोट लागू द्यायचं नाही, ही सवय कोरोनापासून हाताला पक्की बसली होती.

"ख्रिस्ताचं शरीर," ते म्हणाले, आणि चिमटीतली ती पातळ पांढरी भाकर त्यांनी वरूनच सोडली. ती पदरात पडली.

आमेनसाठी ते थांबले.

मल्लम्मानं पदर गोळा करून छातीशी धरला. वर न बघता म्हणाली, "तुमच्या घरात बरकत ऱ्हावो, मालक."