साकवाची फाईल

"सातबारा कुठाय?" अर्ज उलटासुलटा करत पाध्येसाहेबांनी विचारलं. "जमीन कोणाची, त्याचा कागद नको जोडायला?"

बाबल्या ओटीच्या पायरीशी उभा होता. ही त्याची पाचवी खेप. "सायब, जमीन तुमची. आख्ख्या गावाला म्हायती हाय."

"गावाला माहीत असेल. फाईलला नाही."

मागणी तरी केवढी? वाडीच्या पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, गेल्या पावसात वाहून गेला होता. चिरे फुकट मिळाले होते, माणसं राबायला तयार होती. नव्या साकवाचं एक टोक तेवढं साहेबांच्या कलमांच्या बागेत टेकणार होतं, चार हात जागेत. एप्रिल संपत आला होता. पावसाआधी साकव झाला नाही, तर बाबल्याची लेक दर्शना हिचं येतं दहावीचं वर्ष घरी बसून जाणार होतं. शाळा पऱ्याच्या पलीकडे होती.

हरिहर पाध्ये दिल्लीला केंद्राच्या एका मंत्रालयात संयुक्त सचिव होते. तीस वर्षांत त्यांनी एकाही फाईलला हो म्हटलं नव्हतं आणि एकीलाही नाही म्हटलं नव्हतं. त्यामुळे एकाही चौकशीत त्यांचं नाव आलं नाही, बढत्या मात्र वेळच्या वेळी आल्या. दोन हजार साली निवृत्त होऊन ते रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी आले, ते ही विद्या सोबत घेऊनच.

बाबल्याचा अर्ज त्यांनी पहिल्याच दिवशी तीन प्रतींत मागितला. एक प्रत फाईलीत घातली, फाईलीला नाडी बांधली आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'चर्चा करावी.'

"मग करूया की," बाबल्या म्हणाला.

"आज नाही रे. चर्चेची वेळ ठरवावी लागते."

पुढच्या खेपेला त्यांनी शेजारच्या जमीनमालकाचं म्हणणं मागवलं. शेजारचा म्हणजे धोंडू, बाबल्याचा सख्खा भाऊ. तो अंगणातच उभा होता. त्यालाही लेखी द्यावं लागलं. मग नकाशा झाला, मग नकाशावर खुलासा झाला. आणि आता सातबारा.

"सायब, नाय तर नाय म्हना," बाबल्याच्या तोंडून निघून गेलं. "पन काय ता येकदा सांगा!"

"नाही कोण म्हणतंय?" साहेब दुखावले. "विचार चालू आहे."

बाबल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी लेकीपायी तो तलाठ्याकडे गेला, दोन दिवस हेलपाटे घातले आणि सातबारा घेऊन आला. घरी दर्शना तो वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"बाबा, हितं सायबाचं नावच नाय. आनंदीबाई हरिहर पाध्ये लिवलंय."

बाबल्या तडक साहेबांच्या मागील दारी गेला. आनंदीकाकू आंब्याच्या रसाची साठं वाळत घालत होत्या. सातबारा बघून त्यांनी पदराला हात पुसले.

"अगोबाई, बाग माझीच की! खरेदीच्या वेळी सही करायची पाळी आली, तशी ह्यांनी मला पुढे केलं. मी पार विसरूनच गेले होते." त्या हसायला लागल्या. "चाळीस वर्षं झाली लग्नाला, बाबल्या. त्याला होकारसुद्धा मामंजींनी दिला होता. ह्यांचा अजून यायचाय."

अर्जाची एक प्रत बाबल्याच्या खिशात होतीच. काकूंनी तिच्यावर 'परवानगी आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं.

तो कागद घेऊन बाबल्या पुढच्या ओटीवर आला. साहेब आता चिडणार, असं त्याला वाटलं. साहेबांनी चष्मा लावून सही नीट पाहिली. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"वा! छान झालं."

"सायब, बाग काकूंची हाय ता तुमाला म्हायती नव्हता?"

"माहीत नसायला काय झालं? पहिल्या दिवसापासून माहीत होतं." फाईलीची नाडी सोडून साहेबांनी तो कागद आत नीट लावला. "पण तसं लिहून द्यायचं, तर खाली सही मला करावी लागली असती ना!"